मांजरीची नक्कल जमेना तेव्हा

नागपूरच्या खोलीवर सकाळी उठलो की मी अजूनही उगाच "म्याऊ" करतो. रूममेट चप्पल फेकतो. बालाघाटच्या घरी असं नव्हतं. तिथं उत्तर येत होतं.

भुरकी म्हणून मांजर होती आमची. मी "म्याऊ" केलं की ती "म्यांव" करे. मी अजून एकदा, की ती अजून एकदा. आई सैपाकखोलीतून ओरडे, "दोघातलं एक तरी चूप बसा!" आवाज कोणाचा, हे तिलेही समजत नव्हतं.

मी बारावीत होतो अन् नकला हाच माहा खरा अभ्यास. गणिताचे सर, बसस्टँडवरचा "लालबर्रा-सिवनी, लालबर्रा-सिवनी" वाला, अन् बाजूची काकू. काकूची मात्र काकू नसतानाच.

मांजरीचं पोट दिसाले लागलं अन् घरात पहिलटकरीण लेक माहेरी आल्यावानी झालं. काकूनं तर हद्दच केली. ताटात मूठभर तांदूळ अन् कुंकू घेऊन आली. म्हणे, "ओटी भरल्याबिगर कशी ठेवता पोरीले?" मांजरीच्या कपाळाले कुंकू लावलं, समोर तांदूळ टाकले. तिनं तांदूळ हुंगले, शिंकली, अन् कुंकवासकट अलमारीवर चढली. तेव्हापासून रोज वैनगंगेचे झिंगे, रोज दूध. मी पोटाले उशी बांधून तिचं डुलत डुलत चालणं करून दाखवत होतो. काकू हसून हसून पदर तोंडात कोंबे.

एका सकाळी तिनं झिंग्याकडे पाह्यलंच नाई.

"डोहाळे," काकू म्हणाली. "माह्या पोट्ट्याच्या वेळेस मले भाताचा वास सहन होत नोता."

दुसऱ्या दिवशी दूधही तसंच. "डोहाळेच," आई म्हणाली. मांजर तांदळाच्या कोठीमागं जाऊन बसली, तर म्हणे, "बाळंतपणाची जागा पाहून राह्यली." सगळ्याले उत्तर तयार. बाईचं उत्तर मांजरीले लावलं अन् झाल्या मोकळ्या. मीही हौ म्हणालो, काहून खोटं बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाली, "कर ना रे, तिची चाल दाखव." मी उशी बांधली अन् आधी मांजरीकडे नीट पाह्यलं. नक्कल कराची तर पाहावंच लागते. अन् तिथंच अडकलो. ती डुलतच नव्हती. पाठ वाकलेली, मागचे पाय ओढत चार पावलं, मंग बसे. बसली की तोंड उघडं टाकून भराभर श्वास घे. मी तसंच केलं.

कोणीच हसलं नाई.

"आज नाई जमलं तुले," काकू म्हणाली.

"जमलं काकू. ती अशीच करून राह्यली. आई, हे डोहाळे नाई. ही बीमार आहे."

"तुहे नाटकं बंद कर."

मी "म्याऊ" केलं. उत्तर नाई. अजून केलं. नाई. मंग मी तिचे कान धरले, तर तव्यावानी गरम. ओठ वर केला, हिरड्या पांढऱ्या फटक. शेपटीखाली हिरवट काळं लागलं होतं. आईनं वाकून पाह्यलं, वास आला, अन् तिचा चेहराच बदलला. "टोपली आण," एवढंच बोलली.

काकूही संग आली. जनावरांच्या दवाखान्यात सगळ्या म्हशी अन् बकऱ्या. किरनापूरचा एक बकरीवाला आमची टोपली पाहून म्हणे, "बिल्ली का भी इलाज होता है क्या?"

डॉक्टरनं विचारलं, "खाना कब से बंद है?"

"आज तीसरा दिन, सर."

"तो अब तक क्या कर रहे थे?"

काकू जमिनीकडे पाहून म्हणाली, "डोहाळे समजलो, साहेब."

टेबलावर मांजर भेवानं दगड झालती, तोंड गच्च बंद. डॉक्टर म्हणे, "साँस तो ठीक दिख रही है."

"घर पे ऐसी नहीं थी सर."

"फिर कैसी थी?"

मी तोंड उघडून केलं तसं. "और चलती कैसे है?" बकऱ्यांच्या लेंड्यांत हात टेकून, चार पायावर, तेही केलं. बकरीवाला खो खो हसला. डॉक्टर हसला नाई. "अंदर इन्फेक्शन है," म्हणे. "पेट वाली बिल्ली एक दिन भी खाना छोड़े, बदबू वाला पानी जाए, तो रुकना नहीं. माँ को बचाते हैं. बच्चों का भरोसा मत रखो." सुई दिली, सलाईन लावलं.

दुपारी तिथंच तीन पिल्लं झाली. दोन मेलेली. तिसरं हलून राह्यलं होतं. काकूनं ते आपल्याच पदरानं पुसलं. त्या दोघांले आम्ही घरामागं सीताफळाखाली पुरलं, अन् काकूनं वरून मूठभर तांदूळ टाकले.

भुरकी घरी आली, पण मान वर करेना. पिलू पिऊन राह्यलं होतं, तेवढंच. मी कोठीजवळ बसून रोज सकाळी "म्याऊ" करो. एक दिवस नाई. दोन दिवस नाई.

तिसऱ्या सकाळी कोठीमागून फाटका, बसलेला आवाज आला. म्यांव पण नव्हतं ते, नुसतं कण्हल्यावानी. पण उत्तर होतं.

आई हातात झारा घेऊन दारात उभी होती. मले वाटलं, आता ओरडते.

"अजून एकदा कर ना रे," ती म्हणाली.