हॉलमधला खांब

ब्लॅकटाउन उपनगरातला फ्लॅट आम्ही बुक केला तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. आम्ही तीन स्टेशनं अलीकडे, पेंडल हिलला भाड्याने राहत होतो. शनिवारी मुलीला घेऊन मी ट्रेनने यायचे आणि कुंपणाच्या जाळीतून आत डोकवायचे. नवरा म्हणायचा, "अगं, सिमेंट वाळताना काय बघायचं असतं?" पण मला बघत राहावंसं वाटायचं. कागदावरचा आपला सहावा मजला हवेत नेमका कुठे असेल, याचा मी अंदाज बांधायचे.

सांगाडा पूर्ण झाल्यावर बिल्डरने घर बघायला बोलावलं. हेल्मेट घालून आम्ही आत शिरलो आणि दारातच थबकलो. हॉलच्या मधोमध, मी मनातल्या मनात सोफा ठेवला होता तिथे, काँक्रीटचा गोल खांब उभा होता.

मुलीने त्याला मिठी मारून बघितली. "मम, इज धिस अवर्स?"

"प्लॅनमध्ये हा नव्हता," नवरा साइट इंजिनिअरला म्हणाला.

ती तरुण इंजिनिअर शांतपणे म्हणाली, "वरचे मजले बदलले. ईमेल आली असेल ना?"

आली होती. पण वरच्या मजल्यांचं आपल्याला काय, म्हणून आम्ही ती नीट वाचलीच नव्हती.

"का बदलले?" मी विचारलं. नवरा चिडला होता, मला मात्र खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

तिने धुळीने माखलेल्या भिंतीवर बोटाने चित्र काढलं. मागच्या बाजूला, दक्षिणेला, प्राथमिक शाळा आहे. इथे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे थंडीत इमारतीची सावली शाळेच्या मैदानावर पडणार होती. म्हणून सर्वांत वरचे दोन मजले आत सरकवले. त्यांची बाहेरची भिंत आता आमच्या हॉलवर आली होती आणि तिचा भार या खांबावरून खाली जाणार होता. तुमच्या खालच्या सगळ्यांच्याच हॉलमध्ये हा आहे, असंही तिने सांगितलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढा मोठा बदल असेल तर आपल्याला करार मोडता येतो. वकिलांना विचारलंय मी. बाहेर पडू या."

मी लगेच हो म्हटलं नाही. जुलै, म्हणजे इथली ऐन थंडी, चालू होता. एका दुपारी कामावरून लवकर निघून मी त्या शाळेपाशी गेले. इमारतीची सावली मैदानाच्या कुंपणाच्या थोडी आत आली होती, पण पुढे चांगलं ऊन होतं. मुलं स्वेटर काढून, गवतावर ढीग करून पळत होती. खेळात एकीचा बूट उडून सावलीत पडला, तो आणायला ती लंगडत गेली. मी बराच वेळ तिथे उभी होते.

रात्री जेवताना नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "बरं. राहू दे खांब. पण सोफ्याचं काय करायचं ते तू बघ."

राहायला आल्यावर सोफा सगळीकडे लावून झाला. कुठेही ठेवला तरी टीव्ही अर्धाच दिसायचा. शेवटी मी खाली पाचव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. एका लेबनीज आजींनी दार उघडलं.

"मी वर राहते," मी म्हणाले. "तुमचा खांब बघू का?"

त्या खळखळून हसल्या. "ये, ये. मलाही तुझा बघायचाच होता."

त्यांनी खांबाभोवती गोल टेबल करून घेतलं होतं, खांब बरोबर मधोमध. सगळं कुटुंब त्याच्याभोवती जेवायला बसायचं. समोरचा माणूस दिसायचाच नाही, म्हणून दोन्हीकडून वाकून एकमेकांशी बोलायचं. "माझा नवरा आणि त्याचा भाऊ भांडतात," आजी म्हणाल्या, "त्यांना मी समोरासमोर बसवते." मला चहा आणि तिळाची बिस्किटं मिळाली. निघताना त्या म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावर तर अजून कमाल केलीय."

वर येऊन मी टेबलाची गोष्ट सांगितली. नवरा लॅपटॉपवर काम करत होता. "वाकून बोलतात?" तो हसत म्हणाला. पुन्हा टाइप करायला लागला आणि मध्येच थांबला.

"आणि चौथ्यावर काय केलंय?"

"माहीत नाही. बघितलं नाही अजून."

त्याने लॅपटॉप बंद केला आणि चपला शोधायला लागला. मुलगी तोवर जिन्याने निम्म्यावर पोचलीसुद्धा होती.