पहिल्या गाडीपुढे चालणारा

फौजेतून सुटलो तेव्हा ठरवलं होतं, आता डोंबिवलीच्या घरी पाय पसरून पेपर वाचायचा. पण फौजेच्या इंजिनिअर तुकडीत रस्ते बांधण्यात हयात घालवलेला माणूस कसला स्वस्थ बसतो! एका ठेकेदाराने साइट सुपरवायझर म्हणून बोलावलं. पोस्टिंग कोलशेत, खाडीजवळचा काँक्रीटचा रस्ता. नाव ऐकताच मी हो म्हणालो. त्या रस्त्यावर हवालदार सदानंद भोईरचं घर होतं. माझ्या हाताखालचा माणूस. तो सीमेवरून परत आला नाही.

लोकांना वरचा स्लॅब दिसतो. आमची नजर खाली. एकेकाळी इथे मिठागरं होती, माती अजून ओली आणि चिकट. ती उकरायची, चिखल वर येऊ नये म्हणून जाड कापड अंथरायचं, त्यावर मुरूम-खडीचे पातळ थर टाकून प्रत्येक थर रोलरने दाबायचा, कडेने पाण्याला वाट ठेवायची. मग कमी पाण्याचं कोरडं काँक्रीट आणि शेवटी स्लॅब. पाया हलला की वरचा स्लॅब कितीही जाड असो, तडकणारच.

फौजेतल्या आमच्या फील्ड कंपनीची एक रीत होती. ज्याने थर दाबून घेतला, त्यानेच पहिल्या भरल्या गाडीपुढे कडेने, जमीन हलते का ते बघत पायी चालायचं. ती मी सिव्हिलमध्येही सोडली नाही. साइटवरची पोरं हसायची. म्हणायची, "सुभेदारसाहेब डंपरला फिरायला नेतात."

त्या दिवशी खडीच्या थरावर कोरडं काँक्रीट पडायचं होतं. रस्ता किती दिवस उकरून ठेवलाय म्हणून गाव तापलेलं. कडेला गर्दी. गर्दीत सदानंदची बायको, मंदावहिनी. तिच्या मुलीची हळद जवळ आली होती आणि मांडव दारातल्या रस्त्यावरच घालायचा होता.

मी पुढे, खडीने भरलेला डंपर मागे. वहिनीच्या दारापर्यंत सगळं ठणठणीत. तिथे चाकाखाली खडी दबली, आणि चाक पुढे सरकल्यावर परत वर आली. ओल्या गादीवर पाय द्यावा तशी. मी हात वर केला.

"हॉल्ट!"

तरुण इंजिनिअर अभिजित धावत आला. "सर, काँक्रीटचा माल प्लांटवरून निघालाय."

"परत पाठव. खाली पाणी आहे. इथे खोदायचं."

"थोडंसंच हलतंय हो. वरून स्लॅब येणारच आहे ना?"

"खोदायचं."

एवढं ऐकलं आणि गर्दी आत घुसली. एक धिप्पाड गडी माझ्या छातीला छाती लावून उभा राहिला. "परत खोदनार? आमाला येडं समजता काय? आज माल नाय परला तर एक गाडी गावात शिरू देनार नाय!"

अभिजितचा फोन वाजला. ऐकून तो हळूच म्हणाला, "ठेकेदार म्हणतात, टाकून घ्या."

वहिनी पुढे आली. "भाऊजी, हालद तोंडावर आली. मांडव कुठं घालू? तुमीच असं कराल?"

गड्याचं मला काही वाटलं नाही. तिच्या नजरेला मात्र मी घाबरलो. सदानंद कसा गेला, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि सांगायला माझी जीभ रेटली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं.

सीमेवर नाल्यालगतचा रस्ता होता. सदानंद पहिल्या ट्रकपुढे कडेने चालत होता. मी मागे, वायरलेस सेटवर. त्याचा आवाज आला.

"हॉल्ट. पाया हलतोय. सगळ्या गाड्या मागे घ्या. ओव्हर."

"रॉजर. तू बाजूला हो. ओव्हर."

उत्तर आलं नाही. कड खचली आणि ट्रक त्याच्यावर कलंडला. ड्रायव्हर उडी टाकून वाचला.

"मागच्या गाडीत मी होतो, वहिनी. त्याने थांबवलं म्हणून आज इथे उभा आहे. जमीन अशीच हलली होती."

वहिनी खडीवर उतरली, चपला काढून उभी राहिली. "डंपर हालवा जरा." डंपर सरकला. तिच्या पायाखाली जमीन हलली, तिचा चेहरा उतरला.

"खोदू दे त्यांना," ती गड्याला म्हणाली. "हालद देवलाच्या अंगनात करू."

तो बाजूला झाला. अभिजितने माल परत पाठवला आणि ठेकेदाराच्या शिव्या मुकाट खाल्ल्या. खोदल्यावर खाली पाण्याची जुनी फुटकी पाइपलाइन निघाली, सगळा थर भिजवून बसलेली. ती बदलली, पाया नव्याने भरून दाबला. हळद देवळाच्या अंगणात दणक्यात झाली. मीही नाचलो, गुडघे ओरडेपर्यंत.

स्लॅब पक्का झाला. पहिला भरलेला ट्रक उभा राहिला. मी पुढे निघालो, तर वहिनी कडेला येऊन थांबलेली.

"भाऊजी, आज तुमी मागं रहा. ही त्यांची जागा."

ट्रक तिच्यामागून हळू निघाला. ती खाली बघत चालत होती. आपल्या दारापाशी थांबली, टाच दाबून पाहिली.

"नाय हालत," ती म्हणाली.

फौजेत हवालदाराने सुभेदाराला सॅल्यूट करायचा असतो. त्या दिवशी मी सदानंदला केला. हात खाली घ्यायला मला बराच वेळ लागला.