वाऱ्यानं दुखणारा हात

माणसं वरीसभर एका खाणीवर बसली, की खडीपेक्षा किस्सेच जास्त निघत्यात. दुष्काळात आमी अणदूरकडं रस्त्याची खडी फोडायचो. खडी रस्त्यात गेली, किस्से माझ्यापाशी ऱ्हायले.

*

सुरुंगाचं भोक पाडायला शिवा पहार धरायचा, म्या घण मारायचो. एकदा घण निसटला अन् त्याच्या उजव्या मनगटावर बसला. महिन्यात जखम भरली. म्या खुशीत नारळ फोडला. शिवा म्हणला, "दादा, जखम गेली. दुखणं न्हाय गेलं!"

म्या खोबऱ्याचा तुकडा त्याच्या डाव्या हातात ठेवला.

*

हातावर माशी बसली तरी शिवा बोंबलायचा. मुकादम म्हणायचा, "माशीचं वजन किती रं? दोन मण?" सगळे हसायचे. मग त्यानं दमच दिला, "सोमवारी पहार धरली न्हाय, तर हजेरीतनं नाव कट!"

शिवाच्या घरी पाच तोंडं. चूक माझ्या घणाची.

*

दुपारी शिवा बाभळीखाली घोरत होता. ढोंग पकडायचं म्हणून मुकादमानं कापसाचा बोळा हळूच त्या मनगटावरनं फिरवला. शिवा ताडकन उठून किंचाळला!

पाणी वाटणारी गोदाक्का म्हणली, "मुकादम, झोपेत कुणी नाटक करतं व्हय?"

*

रविवारी म्या शिवाला उमरग्याला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी विचारलं, "सुरुंगाआधी तुमच्यात ओरडतं कोण?"

"निशाणवाला. लाल फडकं दावत वरडतो, मग सगळी पळत्यात."

"तसाच एक निशाणवाला पाठीच्या कण्यात असतो. हातातली नस दुखावली, तेव्हापासून तो घाबरलाय. साधा वारा लागला, तरी मेंदूला 'सुरुंग!' म्हणून ओरडतो. दुखणं खरं आहे."

"मग त्याला गप कसं करावं?"

"गोळ्या देतो. रोज मऊ कापड फिरवा, हळूहळू. पूर्ण जाईलच, असं सांगत नाही."

परतताना शिवानं एस्टीची खिडकी लावून घेतली.

*

सोमवारी म्या मुकादमाच्या पाया पडलो. त्यानं शिवाच्या डाव्या हातात लाल फडकं दिलं. "आजचा दिस बघतो. चुकला, तर घरी!"

आमी भोकात दारू भरत होतो. बत्ती लावायला अजून वेळ होता. तेवढ्यात वारा सुटला, फडकं उजव्या मनगटाला लागलं, अन् शिवा असा बोंबलला, की सगळी खाण दगडामागं आडवी! सगळ्यात आधी मुकादम.

कुठं काय फुटलं न्हाय. मुकादम मातीतनं डोकं काढून वरडला, "काय झालं रं?"

शिवा पांढराफटक. "काय न्हाय मालक... वारा."

म्या डोळे मिटले. मुकादमानं चौफेर बघितलं. उघड्यावर एक माणूस ऱ्हायला न्हवता.

"उद्यापासून निशाण ह्याच्याकडंच!"