हडळ बघून लोक काय म्हणाले

ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही मी ती हळूच बाजूला सारते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही शरदमामांना ओळखत नाही, म्हणून असेल. आणि मध्येच मला हसू येईल, तेही आत्ताच सांगून ठेवते. कबुली देताना हसणाऱ्या बाईबद्दल काय मत करायचं ते करा.

शरदमामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कोठी भागात त्यांचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. मी कॉलेजात होते आणि त्यांच्या हाताखाली काम करायचे – दिवा धरायचा आणि शेवटी एकेका पाहुण्यापुढे माईक नेऊन वधूवरांना शुभेच्छा द्यायला लावायच्या. केबल नुकतीच आली होती. चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, दर आठवड्याला नवं चॅनेल लागायचं, आणि ज्याला त्याला वाटायला लागलं होतं की आता आपणही काहीतरी करून दाखवावं. मामांना वाटलं, आपण भुताचा सिनेमा काढावा.

हडळ मी.

आता मामांकडे सामान काय? सगळं लग्नाचं. रात्र दाखवायची म्हणून भर दुपारी लेन्सवर निळा कागद लावला. हडळीचे पाय उलटे हवेत, म्हणून मी मामांच्या चपला उलट्या घातल्या, टाच पुढे, आणि तशीच फरफटत चालले. मिक्सिंगच्या मशीनमध्ये लग्नाचेच इफेक्ट होते. त्यामुळे हडळ पहिल्यांदा येते ती बदामाच्या चौकटीतून, आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. पार्श्वसंगीताला सनई होती, पण वेग कमी केलेली. ती रडल्यासारखी वाटते, असं मामांचं म्हणणं.

तुम्ही हसताय ना? मी नव्हते हसत. मला ते सगळं खरोखर भयंकर वाटत होतं. आठवडेच्या आठवडे आरशापुढे डोळे फिरवून मी तयारी केली होती!

सुलतान बाजारातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत कौटुंबिक मेळावा असायचा. तिथे दोन टीव्ही मांडून सिनेमा दाखवायचं ठरलं. लग्नाचा मोसम, त्यामुळे नेमकं त्याच संध्याकाळी मामांना सिकंदराबादला एका लग्नाला जावं लागलं. जाताना छोटा कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोरी, पाहुण्यायला बोलतं करतेस ना, तसंच कर. लोकां काय बोल्ले ते समदं टेपात पायजे. केबलवाला थांबलाय माझ्यासाठी. लोकांच्या बोलण्यावरच दुसऱ्या पिक्चरचं ठरवतो, हौ?"

म्हणजे सगळं त्या टेपवर होतं. केबलवर लागणं, दुसरा सिनेमा, सगळं. हे मला पक्कं माहीत होतं. नंतर माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सिनेमा सुरू झाला. बदामातून मी आले. आणि जो हशा उसळला! माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. माझी एक चप्पल निसटते आणि हडळ मागे वळून ती पायाने चाचपते, तिथे तर एका आजोबांना पाणी द्यावं लागलं. तेवढा भाग पुन्हा मागे नेऊन लावायला लावला लोकांनी. इतकी आनंदात असलेली माणसं एका ठिकाणी मी आजवर पाहिलेली नाहीत. खरंच नाहीत. आणि मी भिंतीशी उभी राहून दात आवळत होते.

मग दाराशी अभिप्राय घेतले. दिवा लागल्याबरोबर लोकांनी सवयीने पदर सावरले, केस नीट केले. मंडळातले कुलकर्णीकाका तर हात जोडून "वधूवरांस हार्दिक शुभेच्छा" असं म्हणूनच मोकळे झाले, आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, बायको गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसलो, त्या शरदला माझा आशीर्वाद सांग. शेजारच्या तेलुगू बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्हारा ये दय्यम, ये भूत बहोत प्यारा है जी, फिरसे कब दिखाते?" कुलकर्ण्यांच्या छोट्या चित्राला हसून हसून उचकी लागली होती.

ती टेप मामांना मिळाली नाही.

घरी येऊन मी तिच्यावर केबलवरचा गाण्यांचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. सगळीच्या सगळी पुसली. मामांना सांगितलं, कॅमेऱ्याची वायर सैल होती, काही उतरलंच नाही. "बरं, पण बोल्ले काय?" मामांनी विचारलं. मी म्हटलं – मामा, लोक फार घाबरले.

आता म्हणाल, मामांचं मन राखायला म्हटलं असशील. मीही वर्षानुवर्षं स्वतःला तेच सांगत आले. पण मन कोणाचं राखलं? केबलवर ते लागलं असतं तर अख्खं कॉलेज मला हसलं असतं. मला कोणी हसायला नको होतं, एवढंच. मामांचा त्यात काही संबंध नव्हता.

मामा आधी खूश झाले. मग विचारायला लागले, कोण घाबरलं, किती? मी वाहवत गेले. चित्राला ताप आला म्हणून ठोकून दिलं. आणि मामांचा चेहरा उतरला. हा माणूस लग्नात रडणाऱ्या पोरांना मांडीवर घेऊन शूटिंग करायचा – त्याला लोकांना घाबरवायचं होतं, पण लेकराला ताप? दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन ते कुलकर्ण्यांकडे निघाले. मी त्यांच्या आधी पळत जाऊन काकूंना सांगितलं, मामा फार हळवे आहेत, हसलात असं म्हणू नका. काकूंनी बिचारीने चित्राला चादरीखाली झोपवलं. मामांनी नारळ ओवाळला. चित्रा चादरीत हसत होती आणि मामांना वाटलं, पोर थरथरतेय.

मग मंडळाचे लोक विचारायला आले, पुढच्या मेळाव्याला हडळ पुन्हा दाखवू या ना. त्यांना मी म्हटलं, मामांना आवडत नाही. मामांना म्हटलं, पालकांची तक्रार आहे. दोन्हीकडून दार मीच लावून घेतलं. मामांनी केबलवाल्याला नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या सिनेमाची कथा त्यांनी मला ऐकवली होती – तिच्यात भूत वरातीत नाचणार होतं. तो त्यांनी कधीच केला नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी लग्नंच काढली, आणि काकूंकडून त्यांचा हळवेपणा कळलेले लोक त्यांना आदराने म्हणत राहिले, मामा, काय घाबरवलंत हो आम्हाला!

मागच्या दिवाळीत आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो होतो. त्यांच्या सुनेला जुन्या टेपांत तो सिनेमा सापडला होता, तिने तो कुठूनसा उतरवून आणला आणि टीव्हीवर लावला. बदामातून मी आले. घरभर पोरं, मोठी माणसं, जावई – सगळे लोळायला लागले, आणि खरं सांगू, मीही. पहिल्यांदाच मला दिसलं की ती हडळ किती गोड आहे. मी त्या चपलेच्या जागी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

आवाज ऐकून मामा काठी टेकत आतून आले. दारात उभे राहून एकेकाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हसायलेत गं हे?"

सगळे हसतच होते. मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळू पाहत होतं – मी ते पाहिलं. एक शब्द पुरला असता.

मी म्हटलं, "नाही मामा. भीतीने होतं तसं."

मामांनी घाईघाईने टीव्ही बंद केला. देवघरातून अंगारा आणला आणि एकेका पोराला जवळ घेऊन कपाळाला लावला. पोरं तरीही हसतच होती. मग ते माझ्याकडे वळले. मी कपाळ पुढे केलं.