वॉरिंगलचं विजयगीत

क्लॅरी ट्रेवास्किस स्वतः ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. वॉरिंगलच्या धान्यकोठारावर गव्हाच्या ट्रकांचं वजन करण्यात त्याची चौतीस वर्षं गेली. पण दर शनिवारी त्याची गाडी मैदानाच्या कडेला, गोलखांबांच्या डाव्या अंगाला उभी असे. आपल्या पोरांनी गोल केला की तो हॉर्न वाजवी. गेल्या चार हंगामांत हॉर्नला भरपूर विश्रांती मिळाली होती.

जाणते खेळाडू खाणींवर कामाला निघून गेले होते. उरली ती अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. ‘पाणकोंबड्या’ हे संघाचं जुनं नाव आता अगदी शोभू लागलं होतं.

संघात क्लॅरीला एकच मान होता. सामना जिंकला की कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी खांद्यावर हात टाकून संघाचं गाणं म्हणायचं, आणि सुरुवात क्लॅरीने करायची. जिंकल्याशिवाय ते ओठांवर आणणं अपशकुनी, म्हणून कुणी कागदावरही उतरवलं नव्हतं. चार हंगामांत एकही विजय नसल्याने या पोरांनी तर ते कधी ऐकलंच नव्हतं. गाणं आता फक्त क्लॅरीच्या डोक्यात होतं, आणि क्लॅरी अडुसष्ट वर्षांचा होता.

“मी गेलो तर गाणंही जाईल बघ,” तो काळजीने बायकोला, नोरीनला, म्हणे.

“मग आत्ताच म्हणून दाखव,” मैदानावर सॉसेज भाजता भाजता नोरीन म्हणे.

“वेडी आहेस का? पोरांना हरवायचंय का?”

“ते तुझ्या मदतीशिवायही जमतंय त्यांना.”

त्या शनिवारी समोर शेजारच्या कॉर्नबीचे ‘बैल’ होते. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे. कर्णधार जार्विसने मारलेला चेंडू खांबावर आपटला. गोल हुकला, पण या खेळात त्याचाही एक गुण मिळतोच. तेवढ्यात सामना संपल्याचा भोंगा वाजला. एका गुणाने विजय! क्लॅरीने हॉर्नवर ठेवलेला हात शेवटी नोरीनने येऊन उचलला.

खोलीत चिखलाने माखलेली पोरं कडं करून उभी राहिली.

“चला क्लॅरीकाका, होऊन जाऊ दे!” जार्विस म्हणाला.

क्लॅरीने छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, “बैल आम्ही कॉर्नबीचे, शिंगांना आमच्या धार!”

पोरांनी पुढची ओळ अशी उचलली की छपराचे पत्रे हादरले. सगळ्यांना तोंडपाठ! का नसणार? कॉर्नबीवाले दर वेळी जिंकत आणि शेजारच्या खोलीत तासतासभर हेच गात. मध्ये भिंत होती ती फळ्यांची.

दुसऱ्या कडव्यावर त्या भिंतीवर धडाधड बुक्के बसले.

“अरे, सामना घेतलात, आता गाणं तरी ठेवा आम्हाला!”

गाणं तिथेच तुटलं. क्लॅरीचे कान लाल झाले.

“काका, मग आपलं कोणतं?”

क्लॅरीने पुन्हा डोळे मिटले. आतून बैलच येत होते. त्यांना मागे सारत सारत शेवटी एक ओळ हाती लागली. “वॉरिंगलच्या पाणकोंबड्या, चिखलावरती राज्य करू...”

“वा! पुढे?”

“पुढे... पुढे बरंच आहे.”

पोरांनी तेवढीच ओळ अकरा वेळा म्हटली. नोरीन दारात येऊन उभी राहिली. “चार वर्षं जपून ठेवलंस ते एवढंच?”

क्लॅरी खाली बघू लागला. ते पाहून जार्विसने घसा साफ केला आणि उगाचच जोडून टाकलं, “गोल नसेल नशिबात तर खांबालाच नेम धरू!”

पोरं खो-खो हसली. क्लॅरीने झटकन मान वर केली.

“अगदी बरोबर!” तो ठासून म्हणाला. “हीच ती दुसरी ओळ. आता आठवली मला.”

“क्लॅरी!” नोरीन म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस. जार्विस, तिसरी सांग पाहू.”