कोळशाच्या उबेत वाढलेला गॅस

अप्पांच्या कपाटात निळ्या काचेचा एक तुकडा सापडला. पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, एका बाजूला पत्र्याची पट्टी ठोकलेली. आई म्हणाली, "ठेव तुझ्याकडं. मला काय करायचीय?" आणि लगेच, "फोडू नको पण."

अप्पा गेले त्याला वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की दोन ओळींच्या पुढं सरकत नाही. काच डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघत राहते. आज ठरवलंय, फक्त त्या एका डिसेंबरबद्दल लिहायचं. आमच्या घरात त्या डिसेंबरात जेवढं हसणं झालं तेवढं आधी कधी झालेलं मला आठवत नाही.

अप्पा, माझे वडील, चुडाव्याजवळच्या एका तेलगिरणीत बॉयलरवर होते. गिरणी सोयाबीनची. तिच्या मागं तिचं स्वतःचं छोटं वीजघर होतं: कोळशाचे दोन बॉयलर, एक टर्बाइन आणि एक उंच धुराडं. मी परभणीला एका कॉलेजात ग्रंथपाल. शनिवारी पॅसेंजरनं घरी येताना ते धुराडं दिसलं की पुस्तकात खूण घालून पिशवी आवरायची, असा माझा नेम होता.

भट्टीतला जाळ उघड्या डोळ्यांनी बघवत नाही. अप्पा दार जरासं उघडून या निळ्या काचेतून आत बघायचे आणि कोळसा कुठं कमी पडलाय ते सांगायचे. आम्ही लिंगायत. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून ते कामावर जायचे, तेव्हा पाळीवरची माणसं हटकून म्हणायची, "अप्पा, घरून कशाला लावून येता? हितं ढिगानं पडलीय की राख."

"तुमच्या ढिगातली लावली तर महादेव ओळखंल का मला?" अप्पा म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. कागदावर कुठं नव्हता, तरी सगळे पाळायचे. दोनपैकी एक बॉयलर दुरुस्तीला थंड केला, तर नंतर तो काडीनं पेटवायचा नाही. शेजारच्या भट्टीतले निखारे फावड्यावर घ्यायचे आणि त्यावर नवा जाळ धरायचा. त्यामुळं अप्पा नोकरीला लागले तेव्हा जी आग होती, तीच या भट्टीतून त्या भट्टीत जात इतकी वर्षं चालत आली होती. "माझ्या हातात दिलेली आग हाय," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या हातात देऊनच मी घरी जाणार."

मग गिरणीत गॅस यायचं ठरलं.

मागच्या माळावर दोन मोठ्या गोल टाक्या उभ्या राहिल्या. त्यात शेण, साखर कारखान्यातली मळी, गिरणीतला कचरा घालायचा. तो आत कुजून गॅस होणार, आणि त्या गॅसवर इंजिन फिरून वीज होणार. कोळसा बंद. हे काम बघायला आलेली इंजिनिअर जवळच्याच बोरी गावची होती, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी तिनं माणसांना जमवून सांगितलं की टाक्यांत कोट्यवधी जिवाणू असतात, त्यांना वेळेवर खायला लागतं आणि अंगाला ऊब लागते. गारठले की ते खात नाहीत, आणि खाल्लं नाही की गॅस नाही.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी ढोरंच की, मॅडम?"

तेव्हापासून टाकीतल्या जिवाणूंचं नाव ढोरं पडलं. पाळी बदलताना माणसं एकमेकांना विचारायची, "ढोरांनी खाल्लं का?" मॅडमनं आधी दोन-तीनदा दुरुस्ती करून पाहिली. पुढच्या शनिवारी मी डबा घेऊन गेले तर ती स्वतःच फोनवर कुणाला तरी सांगत होती, "दुसऱ्या टाकीतली ढोरं जरा सुस्त आहेत, सर."

ढोरांना ऊब द्यायचं काम अप्पांच्या बॉयलरकडं होतं. टर्बाइन बंद झालं होतं, गिरणी तेवढ्यापुरती सरकारी लाईनवर चालत होती. एक बॉयलर विझवला होता आणि दुसरा मंद ठेवून त्याचं गरम पाणी टाक्यांभोवतीच्या नळ्यांतून फिरवत होते. गॅस नीट पेटला की ऊब द्यायला गॅसचाच बर्नर लागणार होता. तोवर कोळसा.

अप्पांच्या मनात एक साधी गोष्ट होती. शेवटच्या दिवशी भट्टीतला निखारा न्यायचा आणि त्यावर गॅस पेटवायचा. त्यांनी ते मॅडमला सांगितलं तेव्हा मी तिथंच होते.

"अप्पा, टाकीपाशी निखारा?" ती घाबरून उठलीच. "तिथं मी मोबाईल नेऊ देत नाही कुणाला!"

"लांबून देतो की. फावड्याचा दांडा लांब हाय माझ्या."

"दांडा येलदरीच्या धरणापर्यंत लांब असला तरी न्हाई म्हंजे न्हाई." रागावली की तिची बोरीची बोली बाहेर यायची.

अप्पा घरी येताना मला म्हणाले, "तिचं बरोबर हाय. पण मग आग द्यायची कशी?"

मालकांनी गॅस पेटवण्याचा मुहूर्त काढून आणला. चूक झाली ती इथंच, आणि आमच्याकडंच व्हावी अशी होती. मुहूर्ताचा दिवस धरून त्यांनी कोळशाच्या गाड्या बंद केल्या. त्यानंतर कोळसा लागणारच नाही, असा सरळ हिशेब. ढोरांना मात्र पंचांग माहीत नव्हतं. मुहूर्ताला मांडव, नारळ, पेढे, सगळं झालं. मालकांनी बटण दाबलं. बर्नरमध्ये निळसर काहीतरी लवलवलं आणि फुस करून गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा फुस. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि बाकीच्यांनी पेढ्यांकडं.

मॅडमनं मीटर बघून सांगितलं की गॅस आहे पण अजून कच्चा आहे. पाच-सहा दिवस तरी लागतील.

"आणि कोळसा?" मालकांनी विचारलं.

"दोन दिवसाचा," अप्पा म्हणाले.

फोन झाले. नव्या गाड्या यायला दहा दिवस तरी लागणार होते. मधेच भट्टी विझली तर थंडीनं टाक्या गारठणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं, आणि त्यात दोन-तीन महिने जाणार. अप्पा त्या महिन्याअखेर निवृत्त होत होते. म्हणजे इतक्या वर्षांची आग त्यांच्या हातात, कुणालाही न देता विझणार होती. त्या दिवशी ते पेढा हातात धरूनच घरी आले आणि तसाच देवळीत ठेवला.

मी कॉलेजात रजा सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसांनी कोळशाचं मैदान झाडून काढलं. चुरा, भुकटी, मातीत रुतलेले तुकडे, काही सोडलं नाही. शेजारच्या शेतातून कापसाच्या वाळलेल्या पळाट्या आणल्या. त्या भट्टीत भुर्र करून जळून जायच्या. अप्पा काचेतून बघायचे आणि मान हलवायचे. दुपारी जेवायला घरी आले तर भाकरी नुसतीच मोडत बसले.

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "अहो, मागं न्हाणीजवळ या जरा."

न्हाणीमागं पत्र्याखाली पोती रचलेली होती. मला ती लहानपणापासून ठाऊक होती, कॉलनीतल्या प्रत्येक घरामागं असायची. भट्टीची राख बाहेर टाकली की बायका चाळण्या घेऊन जायच्या आणि त्यातले अर्धे जळालेले कोळसे वेचून आणायच्या, शेगडीसाठी. गिरणीच्या नियमानं त्याला मनाई होती आणि लक्ष ठेवायचं काम अप्पांकडं होतं. बायका आल्या की अप्पांना नेमकं त्याच वेळी पाण्याचा नळ तपासायचा असायचा. पण आपल्याच घरामागं एवढा साठा असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

"एवढा? कवापास्नं?"

"तुमी नळ तपासायला जायलात तवापास्नं," आई म्हणाली. घरात गॅस सिलिंडर येऊन कित्येक वर्षं झाली होती. कोळसा वेचायची सवय मात्र तिला सोडवली नव्हती.

अप्पा आधी हसले, मग इतके हसले की ठसका लागला आणि मला पाणी आणावं लागलं. आई तेवढ्यात चप्पल घालून कॉलनीत निघाली होती.

दिवस मावळायच्या आत वीजघरापुढं बायकांची रांग लागली. टोपली, घमेली, जुने डबे, एकीनं तर मोडका पाळणाच भरून आणला होता. फाटकावरचा वॉचमन गोंधळला. त्याला आतून बाहेर जाणारा कोळसा अडवायचा नियम ठाऊक होता. बाहेरून आत येणाऱ्या कोळशाचा नव्हता.

"लिहून घेऊ का काय, अप्पा?"

"काय लिहितो? चोरीचा माल परत?" रांगेतली एक मावशी म्हणाली. "सोड गप, डोकं दुखायलंय माझं वझ्यानं."

मॅडम हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. "अप्पा, हा एकदा जळलेला कोळसा आहे. चालेल?"

"म्हातारा हाय जरा," अप्पा म्हणाले. "पण कामाचा हाय."

तो चालला. अप्पांनी जाळ इतका बारीक धरला की पाणी जेमतेम कोमट राहावं, पण ढोरं आखडू नयेत. घरी ते अंघोळीला आणि पूजेपुरते येत. मी भट्टीसमोरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची आणि क्वचितच पान उलटायची. सहाव्या दिवशी सकाळी मॅडम धावत आली. मीटर बरोबर दाखवत होता.

या वेळी मांडव नव्हता. मालक गावाला गेले होते. पाळीवरची माणसं, आई, मी आणि काही बायका, एवढेच. मॅडमनं अप्पांना बर्नरच्या पेटीपाशी बोलावलं. पेटीतून एक नवी वायर निघून भिंतीवरून जुन्या वीजघराकडं गेली होती.

"अप्पा, ह्या वायरचं दुसरं टोक तुमच्या बॅटरी-खोलीत आहे."

जुन्या वीजघरात बॅटऱ्यांची एक खोली होती. टर्बाइन थांबवलं त्या दिवशी त्याच्याच विजेवर त्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या आणि नंतर कुणी हात लावला नव्हता.

"बर्नर ठिणगीनं पेटतो," ती म्हणाली. "ठिणगीला वीज कुठून घ्यायची ते माझ्या हातात होतं. ही तुमच्या कोळशाची वीज आहे. निखारा न्हाई नेता येत, पण हे चालतंय ना?"

अप्पांनी शर्टाला हात पुसले, दोनदा. मग बटण दाबलं.

पेटला, आणि पेटलेलाच राहिला. अप्पांनी सवयीनं निळी काच डोळ्याला लावली आणि चमकून मागं वळले. "गेला का? दिसंना की!"

"काच काढा, अप्पा!" सगळे एकदम ओरडले. भट्टीच्या जाळासाठीच्या त्या गडद काचेतून फिकी निळी ज्योत दिसणार कशी? त्यांनी काच काढली, उघड्या डोळ्यांनी बघितलं, आणि आपणच हसत सुटले. "ह्यो तर बघवतोय की. म्हंजी माझं काम खरंच संपलं." काच त्यांनी खिशात टाकली.

नंतर मी त्यांच्याबरोबर जुन्या भट्टीपाशी गेले. दाराच्या फटीतून अजून लाल दिसत होतं. मला वाटलं, ते शेवटपर्यंत तिथं बसतील; मी बाकावरची धूळसुद्धा झटकली. त्यांनी दार नीट लावून घेतलं.

"विझेपर्यंत थांबायचं ना?" मी विचारलं.

"कशाला? तिनं द्यायचं ते दिलं. आता सावकाश जाऊ दे तिला, बघत नको बसू. चल, तुझ्या आईनं च्या टाकलाय."

आमच्यात माणूस गेला की मातीत ठेवतात. जन्मभर आगीपुढं उभे राहिलेले अप्पा बसलेल्या स्थितीत, कपाळाला भस्म लावून, काळ्या मातीत गेले. त्या दिवशी सगळे परतले तरी मी तिथंच उभी होते. मग मला त्यांचं ते बोलणं आठवलं, आणि आईनं घरी चहा टाकला असेल हेही. मी वळले. वाटेत गिरणीच्या धुराड्यावर पारवे बसले होते आणि पलीकडं माळावरचं इंजिन एका सुरात चालू होतं.