पाचव्या दिवशी उघडलेला खण

नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. एका मृत्युपत्राची चौकशी मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, की वर्तमानपत्रात चार ओळी आल्या नव्हत्या.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदाराने दोन बायकांना माझ्याकडे पाठवलं. एक पन्नाशीच्या वकील, लोकांची मृत्युपत्रं करून देणं हेच त्यांचं मुख्य काम. दुसरी पस्तिशीची, बोटांना झेंडूचा पिवळा रंग बसलेली. मखमलाबादच्या बाजूला फुलशेती करणाऱ्या घरातली ती धाकटी सून. नवरा अपघातात गेलेला, पदरी एक मुलगी.

हकिगत अशी होती. सासऱ्याने स्वतःच्या कष्टाने दोन एकर जमीन घेतली होती. मरणाच्या वर्षभर आधी त्याने या वकीलबाईंकडून मृत्युपत्र करून घेतलं. रस्त्याकडचा एकर आणि घर थोरल्याला, विहिरीसह मागचा एकर धाकट्या सुनेला. दोन साक्षीदार, डॉक्टरचा दाखला, नोंदणी, सगळं रीतसर. म्हातारा महिन्यापूर्वी वारला आणि थोरल्या मुलाने दुसरंच मृत्युपत्र पुढे केलं. त्यावर मरणाच्या दोन महिने आधीची तारीख होती. जमीन सगळी थोरल्याला, सुनेला वर्षाला साडीचोळी. महिनाअखेर शेत सोड, असं त्याने तिला बजावलं होतं.

मी म्हणालो, बाई, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. शिवाय तुमचं मृत्युपत्र नोंदलेलं आहे, मग भीती कसली? वकीलबाईंनी मला शांतपणे शिकवलं. नोंदणी असो वा नसो, कायदा शेवटचं मृत्युपत्र धरतो. नंतरचा साधा कागद खरा ठरला तर आधीचा नोंदलेला दस्त रद्द. इतकी वर्षं खाकी घालून मला हे नीट माहीत नव्हतं, हे कबूल करतो.

मग मी विचारलं, म्हाताऱ्याने मन बदललं नसेल कशावरून? त्या म्हणाल्या, "बदललं असेलही. पण मी मृत्युपत्र करताना घरच्यांना बाहेर बसवते आणि एकट्या माणसाला प्रश्न विचारते. या माणसाने उत्तरं द्यायला तीन फेऱ्या घेतल्या. असा माणूस एका दिवसात बदलत नाही. हा पुरावा नाही, मला कळतं."

पुरावा नव्हताच. पण माझं कुतूहल चाळवलं. बायको त्याला नसत्या चौकशा म्हणते. मी अर्ज ठेवून घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि थोरल्याला बोलावणं पाठवलं.

तो आला तोच कागदांची फाइल काखेत मारून. पंचेचाळिशीचा, अंगात स्वच्छ सदरा, बोलणं गोड. माझा अनुभव असा की खरं सांगणारा विचारलं तेवढंच सांगतो आणि मध्येच अडखळतो. हा पढवलेल्या पोपटासारखा बोलत होता. वडील गेल्याच्या पाचव्या दिवशी देव्हाऱ्याखालच्या खणात आपल्या हाताने हा लिफाफा सापडला, असं त्याने जबाबात लिहून दिलं. आठव्या दिवशी त्याने हाच कागद जोडून जमीन नावावर करायला तलाठ्याकडे अर्ज केला होता, त्यामुळे कागद त्याआधीच सापडायला हवा होता. कागदावरचे दोन्ही साक्षीदार त्याचे मित्र निघाले. तेही एकसुरात बोलले. सही हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवली, पण तिथून अहवाल यायला किती महिने लागतात हे पोलिसांनाच ठाऊक. तोवर सुनेचं शेत गेलं असतं.

म्हणून मी तो खण पाहायला त्यांच्या घरी गेलो. हवालदार पंचनामा लिहीत होता. देवांसाठी वेगळी लहान खोली होती, पितळेचे टाक लख्ख घासलेले. थोरल्याची बायको दारात उभी होती. मी सहज म्हणालो, वहिनी, देव फार छान ठेवलेत. ती खुलली. म्हणाली, "आमच्यात लय कडक हाय साहेब. मामंजी गेले तवा तेरा दिवस या खोलीत कोणी पाय नाय ठेवला. कुलूप घालून किल्ली शेजारच्या काकूंकडं दिली व्हती. त्याच येऊन दिवा लावायच्या."

हवालदाराचं पेन थांबलं. मी त्याला लिहीत राहायची खूण केली.

शेजारच्या काकू भावकीतल्या नव्हत्या, त्यांना सुतक नव्हतं. त्यांनी जबाब दिला की तेरा दिवस किल्ली त्यांच्याच कमरेला होती आणि त्यांच्याशिवाय कुणी आत गेलं नाही. खण त्यांनी उघडला नव्हता. परक्याच्या घरातले खण मी कशाला उघडू, असं वर मलाच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला पुन्हा ठाण्यात बसवलं. आवाज चढवला नाही, चहा दिला. त्याची बायको आणि भावकीतले दोन वडीलधारे बाहेर बाकावर होते. त्याचाच जबाब मी त्याला वाचून दाखवला आणि विचारलं, पाचव्या दिवशी, भर सुतकात, तुम्ही देव्हाऱ्याला हात लावलात?

होय म्हणावं तर भावकीत तोंड दाखवायची सोय नाही. नाही म्हणावं तर कागद खोटा. खोटं रचताना त्याने साक्षीदार, तारीख, सही सगळ्याचा विचार केला होता, फक्त आपल्या घरात सुतक होतं एवढं विसरला. त्याचा चहा गार झाला. मग बाहेरच्या बाकाकडे बघत तो म्हणाला, "देवाला शिवलो नाय साहेब. तेवढं पाप नाय केलं मी."

खोट्या मृत्युपत्राची कबुली मी अशी कधी ऐकली नव्हती. सही कुणी गिरवली, कागद कुणी टाइप केला, ते त्याने मग स्वतःच भडाभडा सांगितलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण त्याने दाखवलेल्या जागी सहीचा सराव केलेले कागद सापडले आणि गुन्हा नोंदवला. तज्ज्ञाचा अहवालही पुढे तसाच आला.

ही बातमी मी वकीलबाईंसमोरच सुनेला सांगितली तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती रडायला लागली. "साहेब, भाऊजींना आत टाकू नका. माझं शेत मागं हाय. जायचं तर त्यांच्याच शेतातनं. उद्या त्यांनी वाट आडवली तर फुलं काय डोक्यावरनं बाजारात नेऊ? शेत हाय आणि वाट नाय, तर त्याचं काय करू मी?"

गुन्हा मागे घेणं माझ्या हातात नव्हतं आणि भाऊजीचं मन तर कुणाच्याच हातात नव्हतं. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपण केलेल्या मृत्युपत्राची प्रत काढली, दुसरं पान उलटलं आणि वाचलं. थोरल्याच्या हिश्श्यातून, पूर्वेच्या बांधालगत, धाकट्या सुनेला कायमचा रस्ता, टेम्पो जाईल एवढा रुंद.

वाटणीपुढचं सुनेने कधी वाचलंच नव्हतं. तिने विचारलं, हे मामंजींनी सांगितलं? वकीलबाई म्हणाल्या की त्यांनी आधी नव्हतं सांगितलं. "मी विचारलं, सून शेतात जाणार कुठून? ते म्हणाले, आजवर कुणी अडवलंय का? मी म्हटलं, तुम्ही आहात तोवर नाही अडवणार. त्या दिवशी ते तसेच उठून गेले. पुढच्या खेपेला आले ते शेतात टेम्पो उभा करून, रुंदी मोजूनच."

सुनेने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

कुठून आलास, कुठे गेलास, कुणाच्या वाटेने गेलास, हे प्रश्न मी जन्मभर लोकांना विचारले. पण विचारले ते सगळं घडून गेल्यावर. वकीलबाईंनी तोच प्रश्न माणूस जिवंत असताना, समोर बसवून विचारला. माणसं मागे काय ठेवायचं ते ठरवतात, पण मागे राहिलेला तिथवर पोचणार कसा, हे त्यांना कुणीतरी विचारावं लागतं. मला हे या प्रकरणाने शिकवलं. थोरला जामिनावर सुटून आला त्याच आठवड्यात मी तिकडे चक्कर टाकली. सकाळी शेवंतीच्या क्रेटनी भरलेला टेम्पो पूर्वेच्या बांधाने येत होता. थोरला वाफ्यात पाणी देत होता. त्याने मान वर केली नाही, पण वाटेवर पसरलेला पाइप उचलून बाजूला घेतला.